चाचणीपुरतें सेटिंग

अहिल्यानगर शहराजवळ व्ही. आर. डी. ई. या संस्थेचा वाहन-चाचणीमार्ग आहे. तेथें नवी गाडी रहदारींत न सोडतां वेगळ्या मार्गावर पिटाळून पाहतात. संगणकाच्या प्रोग्रॅमासही असा निराळा मार्ग हवा, हें आम्हांस जरा महाग पडून कळलें.

वसतिगृहाच्या हजेरीकरितां वरच्या वर्गांतील मुलांनीं पायथन भाषेंत, जँगो या साधनाच्या आधारें, एक प्रोग्रॅम रचिला होता. मुलगा गैरहजर असल्यास पालकांच्या मोबाइलवर संदेश जाई. एके रात्रीं मुलांनीं स्वयंचलित चाचण्या चालविल्या. यादी मात्र खऱ्या पालकांचीच उतरून घेतलेली होती! दुसऱ्या दिवशीं अकोले तालुक्यांतील एक माउली पहिल्या एस. टी. नें येऊन दारांत उभी. मुलगा समोर दिसतांच ती मटकन खालीं बसली. (दोष मुलांचा कमी, न तपासणाऱ्या आमचा अधिक.)

संदेश कोणत्या मार्गें जावा, वेळ कोठली मानावी, अशा बदलत्या गोष्टी 'सेटिंग्ज' नांवाच्या वेगळ्या फाइलींत ठेवितात. त्यांपैकीं एखादी चाचणीपुरती बदलण्यासाठीं जँगोमध्यें २०१२ सालच्या १.४ या आवृत्तीपासून 'ओव्हरराइड सेटिंग्ज' ही सोय आहे. चाचणी संपली, किंवा मध्येंच कोसळली, तरी मूळ सेटिंग आपोआप परत येतें. हातानें बदलल्यास पूर्ववत् करण्याचें राहून जातें, आणि पुढील निर्दोष चाचणी विनाकारण नापास होते. ई-मेलची काळजी जँगो स्वतःच घेतो. चाचणींतील पत्र बाहेर न जातां संगणकाच्या स्मृतींतील पेटींत पडतें. मोबाइल-संदेशाची व्यवस्था मात्र आपणच करावयाची असते.

पुढें याच सोयीनें आणखी एक चूक सांपडली. वेळेचें सेटिंग 'यू. टी. सी.' असतां पहांटे पांचची हजेरी आदल्या तारखेवर पडे; कारण आपली वेळ साडेपांच तास पुढें, आणि त्या घड्याळांत तेव्हां रात्रीचे साडेअकराच वाजलेले असतात. चाचणींत 'आशिया/कोलकाता' घालून पाहतांच तारीख जुळली.

तथापि प्रोग्रॅम सुरू होतांनाच जें सेटिंग वाचून बाजूस लिहून ठेविलें, तें मागाहून बदलत नाहीं. डेटाबेसचें सेटिंग तर या रीतीनें बदलूंच नये. आमच्या मुलांनीं संदेशाचा मार्ग फाइलीच्या माथ्यावरच उतरून ठेविला होता. त्यामुळें सेटिंग बदलूनही संदेश जुन्याच वाटेनें निघूं पाहत होता. सुदैवानें त्या वेळीं इंटरनेट तोडलेलें होतें. ती ओळ आतां संदेश धाडणाऱ्या फंक्शनच्या आंत हलविली आहे, आणि पालकांचे खरे क्रमांक चाचणीच्या यादींतून काढून टाकिले आहेत.