मुक्काम कोठे करावा?

जुन्या काळी परगावी जाणाऱ्या माणसाला मुक्कामाची चिंता फारशी पडत नसे. गावाला वेस असे. वेशीतून आत शिरले की बाजारपेठ लागे. बाजारपेठेच्या टोकाशी देऊळ असे आणि देवळालगत धर्मशाळा. तेथे एकदा पथारी टाकली, म्हणजे सारे गाव पायी फिरून पाहता येई. आजची मोठी शहरे तशी राहिलेली नाहीत. अनेक गावे वाढत वाढत एकमेकांस भिडली आणि त्यांचे एक शहर झाले, असे पुष्कळ ठिकाणी घडले आहे. अशा शहरात एका टोकास मुक्काम आणि दुसऱ्या टोकास काम असले, तर प्रवाशाचा सारा दिवस रस्त्यातच सरतो. पुण्याच्या वायव्येस वसलेले पिंपरी-चिंचवड आणि त्याच्या उत्तरेकडील चाकणचा औद्योगिक पट्टा ही अशा विस्ताराची ठळक उदाहरणे होत.

चिंचवड हे पवना नदीच्या काठचे जुने गाव. श्री मोरया गोसावी यांची समाधी तेथे आहे. चापेकर बंधूंचे गावही तेच. पिंपरी, आकुर्डी, भोसरी ही शेजारची गावे शेतीवर जगत. १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा औषधांचा सरकारी कारखाना स्थापन झाला. पुढे १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. महामंडळाने जमिनी घेऊन तेथे रस्ते, पाणी आणि वीज यांची सोय केली, आणि मोटारी, स्कूटरी व यंत्रांचे सुटे भाग तयार करणारे कारखाने एकामागून एक उभे राहिले. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार गावांची मिळून नगरपालिका झाली; १९८२ साली तिची महानगरपालिका झाली; १९९७ साली आणखी अठरा गावे तीत आली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सतरा लाखांहून अधिक भरली.

चाकण मात्र या महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर, खेड तालुक्यात, पुणे-नाशिक महामार्गावर आहे. तेथील संग्रामदुर्ग किल्ला फिरंगोजी नरसाळा यांनी १६६० साली शाएस्तेखानाच्या प्रचंड फौजेविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढविला. कांदा-बटाट्याची बाजारपेठ म्हणून या गावाची ख्याती आहे. आज त्याच्या आसपासच्या माळरानावर मोटारींचे मोठमोठे कारखाने उभे आहेत आणि महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून आलेले तरुण त्यांत काम करीत आहेत.

अशा तरुणांना भेटावयास त्यांच्या घरची माणसे येतात. त्यांच्यापुढे मुक्कामाचा आणि वाहनाचा प्रश्न कसा उभा राहतो, हे एका काल्पनिक कुटुंबाच्या उदाहरणावरून पाहता येईल.

मराठवाड्यातील एका खेड्यातले हे कुटुंब. घरात आजी, आई, बाबा, बारा वर्षांची मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ. थोरला दादा चाकणच्या कारखान्यात आठ महिन्यांपूर्वी लागला. दिवाळीला त्याला रजा मिळाली नाही. तेव्हापासून आजीचे एकच मागणे होते : "पोराला एकदा डोळ्यांनी पाहू द्या." अखेर सर्वांनी तीन रात्रींसाठी जावयाचे ठरविले. दादा तीन सोबत्यांबरोबर एका खोलीत कॉट घेऊन राहतो आणि जेवावयास खानावळीत जातो. त्या खोलीत पाच माणसे उतरणे शक्य नव्हते. मग उतरावे कोठे?

बाबांनी प्रथम जाण्याचा वार ठरविला. रविवारी निघावे, असे त्यांच्या मनात होते; परंतु दादाने फोनवरून कळविले की, त्या भागातील पुष्कळ कारखान्यांप्रमाणे त्याच्याही कारखान्यास साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. तेव्हा मंगळवारी पोहोचावे आणि शुक्रवारी सकाळी परतावे, असे ठरले. गाव बदलले की सुटीचा वारही बदलतो, हे विचारल्यावाचून कळले नसते.

मुक्कामासाठी चार जागा सुचल्या. निगडीस आत्याचे घर होते. पिंपरीस एस.टी. स्थानकाजवळ लॉज होते. आळंदीस वारकऱ्यांच्या धर्मशाळा होत्या; तेथे खर्च थोडा आणि देवदर्शन दाराशी. चौथी जागा म्हणजे चाकणमधीलच एखादे लॉज. मुलांचे मत पिंपरीकडे होते, कारण तेथून मेट्रो जवळ. बाबांचे मत निगडीकडे होते, कारण तेथे भाडे पडत नाही. आजी आळंदीस जाणार, असे सर्वांनी गृहीतच धरले होते.

आईने कागद घेतला आणि प्रत्येक जागेपुढे एकच गोष्ट लिहिली : तेथून दादाची भेट रोज किती वेळ होईल? त्या आठवड्यात दादाची पहिली पाळी होती. पहाटे उठून तो कंपनीची बस धरी आणि दुपारी चारच्या सुमारास खोलीवर परते. कुटुंब पिंपरीस उतरले, तर त्याने संध्याकाळी पुणे-नाशिक रस्त्याने खाली यावयाचे आणि रात्री पुन्हा चाकणला जावयाचे. नाशिक फाटा ते चाकण हे अंतर सुमारे वीस किलोमीटर. परंतु पाळ्या सुटण्याच्या वेळी त्या रस्त्यावर मालमोटारी, कंपन्यांच्या बसगाड्या आणि दुचाकी यांची अशी गर्दी होते की, वीस किलोमीटरला किती वेळ लागेल हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. दादाचा अनुभव असा होता की, दोन तासांच्या भेटीसाठी तीन तास रस्त्यात जातील. निगडीहून तळवड्यामार्गे चाकणकडे रस्ता जातो खरा, पण त्यावरही अवजड वाहनांची रीघ असते. आळंदी त्या मानाने जवळ. तरीही पहाटे उठणाऱ्या मुलाला रात्री परतीचे वाहन शोधावे लागलेच असते.

कागद वाचून दाखविल्यावर थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग आजी म्हणाली, "माउलीचं दर्शन मी गुरुवारी नातवाचा हात धरूनच घेईन. त्या लेकराला रात्रीचं रस्त्यावर फिरवू नका. त्याच्या जवळच उतरू."

चाकणचा मुक्काम अशा रीतीने ठरला. त्यास भाडे पडणार होते. परंतु निगडीहून रोजची ये-जा करण्यास रिक्षा आणि बस यांचे पैसे पडलेच असते, शिवाय आजीचे दुखरे गुडघे आणि मुलाची झोप यांची किंमत कोणत्याही दरपत्रकात लिहिलेली नसते. "अंथरूण पाहून पाय पसरावे" ही म्हण खरी. पण अंथरुणाची लांबी केवळ रुपयांनी मोजून चालत नाही.

आत्याला वाईट वाटू नये म्हणून बाबांनी तिला आधीच फोन केला आणि खरे कारण सांगितले. नातलग गावात असता परस्पर लॉजवर उतरणे आपल्याकडे अपमानाचे समजतात, परंतु कारण ऐकल्यावर आत्याच म्हणाली, "मग बुधवारी दुपारी जेवायला माझ्याकडे या, म्हणजे झालं."

लॉज निवडण्याचे काम दादाने केले. छायाचित्रात सर्वच खोल्या सुंदर दिसतात. म्हणून त्याने स्वतः जाऊन पाहिले. महामार्गाच्या बाजूच्या खोलीत रात्रभर मालमोटारींचा आवाज येतो, म्हणून त्याने मागील बाजूची खोली मागितली. आजीसाठी तळमजला हवा, असे सांगितले. पाच माणसांचे एकूण भाडे किती, जादा गादीचे पैसे वेगळे पडतात काय, गरम पाणी किती वाजता मिळते, ओळखपत्रे कोणाकोणाची लागतात आणि बेत फिरला तर आगाऊ भरलेली रक्कम परत मिळते काय, हे पाच प्रश्न विचारून त्याने उत्तरे लिहून घेतली.

यानंतर वाहनाचा विचार आला. खासगी मोटार भाड्याने घ्यावी, असे एका शेजाऱ्याने सुचविले. परंतु राज्यातील एस.टी. बसमध्ये पंचाहत्तर वर्षे पूर्ण झालेल्या ज्येष्ठांना २०२२ पासून विनामूल्य प्रवास करता येतो आणि स्त्रियांना २०२३ पासून निम्मे भाडे पडते. आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. आई आणि मुलगी यांना अर्धे तिकीट. हिशेब सरळ होता. एस.टी.ने पिंपरीच्या वल्लभनगर स्थानकात उतरावयाचे आणि सामान बरोबर असल्यामुळे तेथून चाकणपर्यंत तेवढी रिक्षा करावयाची, असे ठरले. इतर वेळी भोसरीहून चाकणकडे आणि पुढे राजगुरुनगरकडे जाणाऱ्या बसगाड्या सोयीच्या होत्या. चाकणला रेल्वे नाही आणि मेट्रोही नाही. तेथे रस्ता हाच एक मार्ग. उलट पिंपरी, चिंचवड आणि आकुर्डी ही पुणे-लोणावळा लोहमार्गावरील स्थानके आहेत. मार्च २०२२ मध्ये पिंपरी ते फुगेवाडी अशी मेट्रो सुरू झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती स्वारगेटपर्यंत पोहोचली.

दादाने आणखी एक सूचना केली : केवळ नावावर विसंबून राहू नये. मेट्रोचे "भोसरी" नावाने सुरू झालेले स्थानक नाशिक फाट्यावर आहे; भोसरी गाव तेथून बरेच दूर. चिंचवड रेल्वे स्थानक एकीकडे, तर मोरया गोसावींचे मंदिर ज्या चिंचवडगावात आहे ते दुसरीकडे. महाळुंगे नावाची तर दोन गावे आहेत : एक चाकणच्या औद्योगिक क्षेत्रात आणि दुसरे बालेवाडीजवळ. रिक्षावाल्यास नुसते "महाळुंगे" सांगणारा प्रवासी भलत्याच दिशेला पोहोचावयाचा. म्हणून पत्ता लिहिताना गावाबरोबर जवळच्या चौकाची आणि मोठ्या खुणेची नोंद करावी.

बुधवारचा बेत मुलांनी आखला. त्यांच्या यादीत मेट्रो, मोरया गोसावींचे मंदिर, आत्याचे घर, चिंचवडचे सायन्स पार्क आणि पुण्याचा शनिवारवाडा अशी पाच नावे होती. आईने घड्याळ पुढे ठेवले. सकाळची गर्दी ओसरल्यावर दहा वाजता निघावयाचे आणि संध्याकाळची गर्दी होण्यापूर्वी परतावयाचे, म्हणजे हाती किती तास उरतात? मुलीने बोटे मोजली आणि शनिवारवाड्यावर स्वतःच काट मारली. थोड्या वेळाने सायन्स पार्कवरही. नाशिक फाट्यापासून पिंपरीपर्यंत मेट्रो, तेथून रिक्षाने मंदिर, मग आत्याकडे जेवण आणि आजीची विश्रांती, एवढेच उरले. धाकटा भाऊ हिरमुसला. तेव्हा ताई त्याला म्हणाली, "आपण उशिरा पोहोचलो, तर दादा एकटाच वाट पाहत बसेल." त्यावर त्याने हट्ट सोडला.

मंगळवारी दुपारी हे कुटुंब चाकणला उतरले. दादा कामावरून परतला, तो थेट लॉजवर आला. आजीने त्याच्या तोंडावरून हात फिरविला आणि बरोबर आणलेली धपाटी त्याच्यापुढे ठेवली. त्या रात्री तो दहा मिनिटे चालून आपल्या खोलीवर गेला आणि पहाटे वेळेवर कामास निघाला. गुरुवारी सर्वजण मिळून आळंदीस गेले. नातवाचा हात धरून आजीने दर्शन घेतले आणि इंद्रायणीच्या घाटावर सर्वांनी शिदोरी सोडली.

चाकणचा मुक्काम या कुटुंबास योग्य ठरला, म्हणून तो सर्वांनाच योग्य ठरेल असे नाही. पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात आप्तास भेटावयाचे असेल, तर संत तुकारामनगरच्या आसपासची जागा बरी. पुणे शहर पाहावयाचे असेल, तर मेट्रो स्थानकाजवळ उतरावे. आळंदीस कार्तिकी यात्रेच्या किंवा पालखी प्रस्थानाच्या दिवसांत जावयाचे असेल, तर जागेची व्यवस्था फार आधी करावी. जागा बदलेल, वाहन बदलेल. विचार करण्याची रीत मात्र बदलत नाही. आपण कोणासाठी जात आहो, हे प्रथम ठरवावे. मग अंतर मैलांत न मोजता वेळात मोजावे. आणि बेत आखताना घरातील सर्वांत थकलेल्या माणसाच्या पावलाने चालावे.

कठीण शब्द

वेस – गावात शिरण्याचा दरवाजा. पथारी – अंथरूण. पाळी – कारखान्यातील कामाची ठरलेली वेळ. रीघ – एकामागून एक लागलेली रांग. प्रस्थान – प्रवासास निघणे. छातीठोकपणे – खात्रीने. हिरमुसणे – मन खट्टू होणे.

अभ्यास

१. जुन्या काळचे गाव आणि आजचे विस्तारलेले शहर यांत मुक्कामाच्या दृष्टीने कोणता फरक आहे?

२. आईने कागदावर कोणता प्रश्न लिहिला? त्या प्रश्नामुळे निर्णय कसा सोपा झाला?

३. निगडीस भाडे पडणार नव्हते. तरीही ती जागा का सोडली?

४. संदर्भ सांगून स्पष्टीकरण करा : "माउलीचं दर्शन मी गुरुवारी नातवाचा हात धरूनच घेईन."

५. वाक्यांत उपयोग करा : गृहीत धरणे, विसंबून राहणे, काट मारणे.

६. तुमच्या घरी पाहुणे येणार आहेत, अशी कल्पना करा. बस किंवा रेल्वे स्थानकापासून तुमच्या घरापर्यंत कसे यावे, हे सांगणारे पत्र त्यांस लिहा. वाटेतील खुणा आणि गर्दीच्या वेळा त्यात अवश्य द्या.