शोधाल तेच सापडेल

‘डायबेटिस कायमचा घालवा’ असं मोबाइलवर टाइप केलंत, तर डायबेटिस कायमचा घालवून देणारेच तुम्हाला भेटणार. तो जातो की जात नाही, हे तुम्ही विचारलेलंच नसतं. एवढी गोष्ट कुणी वेळेवर सांगितली असती, तर माझ्या मामांच्या पायाची दोन बोटं आज जागेवर असती.

मामा कराडजवळच्या गावात ऊस करतात. हिशेबाला पक्के. सोसायटीची नोटीस आली की गाव त्यांच्याकडूनच वाचून घेतं. साखरेच्या गोळ्या बरीच वर्षं चालू होत्या. त्यांना कंटाळून ते रात्री मोबाइलवर उपाय शोधू लागले. एक व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून तसल्याच व्हिडिओंची रांग लागली. एकात पांढरा कोट घातलेला माणूस, एकात ‘गोळ्यांनीच किडनी जाते’ म्हणून ठासून सांगणारी बाई, एकात ठणठणीत झालेले आजोबा. मामा मला नंतर म्हणाले, “अगं, एकानं सांगितलं असतं तर सोडून दिलं असतं. सगळेच सांगत होते.” सगळेच म्हणजे कोण? त्यांनी एक पाहिला म्हणून यंत्राने पुढे आणून ठेवलेले त्याच माळेतले मणी. मामांनी गोळ्या बंद केल्या, चूर्ण मागवलं. पुढे चप्पल लागून बोटाला फोड आला. पायाची संवेदना कमी झालेली, त्यामुळे दुखलंही नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा साखर चारशेच्या वर होती आणि बोटं काळी पडली होती.

मी वाचनालयात काम करते. तिथल्या कॉम्प्युटरवर मी दोन प्रश्न शेजारी शेजारी घालून पाहिले. ‘मधुमेह मुळापासून बरा करण्याचे उपाय’ असं विचारल्यावर चूर्ण, काढे आणि व्हिडिओ आले. ‘मधुमेहाच्या गोळ्या अचानक बंद केल्या तर काय होतं’ असं विचारल्यावर डॉक्टरांचे लेख वर आले. आजार तोच, पण आपण वापरलेले शब्द ज्या पानांवर असतात ती पानं पुढे येतात. आणि ‘मुळापासून’ हा शब्द प्रामाणिक डॉक्टर सहसा लिहीतच नाही.

त्यात आपली भाषा मराठी. इंग्रजीत एका आजारावर मोठमोठ्या रुग्णालयांची, विद्यापीठांची पानं असतात, त्यामुळे खोटं गर्दीत मागे तरी पडतं. मराठीत ती जागा बऱ्याचदा मोकळी असते आणि विकणारा ती आधी भरतो. मायकेल गोलेबिएव्स्की आणि डॅना बॉइड या अमेरिकी अभ्यासकांनी २०१८ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं: ज्या शब्दांवर चांगला मजकूर कमी असतो, ते शब्द हेरून तिथे हवा तो मजकूर पेरता येतो.

पहिल्या नंबरला जे आहे ते खरं असणार, असं लोक माझ्यासमोर बसून बोलतात. गूगलच्या दोन्ही संस्थापकांनी १९९८ साली, विद्यार्थी असताना लिहिलेल्या निबंधात याबद्दल सावध केलं होतं. त्यांच्या यंत्रावर ‘सेल्युलर फोन’ शोधलं, की गाडी चालवताना फोनवर बोलण्याने लक्ष कसं विचलित होतं याचा अभ्यास सर्वांत वर येई. जाहिरातीच्या पैशावर चालणाऱ्या यंत्राला असं पान वर ठेवणं अवघड जाईल आणि ते जाहिरातदाराच्या बाजूला झुकेल, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. पुढे त्यांची कंपनी जाहिरातींवरच मोठी झाली. २०१८ मध्ये आपल्या स्पर्धा आयोगाने शोधनिकालांत पक्षपात केल्याबद्दल तिला सुमारे १३६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनी त्याविरुद्ध अपिलात गेली.

म्हणून आता आजाराबद्दल शोधायला कुणी आलं, की मी आधी त्यांचा प्रश्न बदलायला लावते. ‘अमुक पाल्याचे फायदे’ शोधलंत ना, आता ‘अमुक पाल्याचे दुष्परिणाम’ शोधा. ‘बरा करणारे औषध’ शोधलंत, तर ‘बरा होतो का’ असंही विचारा. वर बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ किंवा ‘स्पॉन्सर्ड’ दिसलं, तर ती जागा पैसे भरून घेतलेली आहे. पान उघडलं की खाली जाऊन बघा, शेवटी ऑर्डरचा नंबर आहे का. जो आजार सांगतो तोच औषध विकत असेल, तर ते पान मी बंद करायला सांगते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मोबाइलवर यूट्यूबमधला पाहिलेल्या व्हिडिओंचा इतिहास अधूनमधून पुसून द्या. रांग निदान तुटते. हे त्यांना सांगून, त्यांच्यासमोर करा. चोरून केलं तर विश्वास जातो, आणि मग ते आपल्याला काही दाखवतही नाहीत.

या व्हिडिओंत सगळंच खोटं नसतं, आणि फसायला होतं ते त्यामुळेच. वजन बरंच उतरवल्यावर टाइप टू मधुमेहाच्या काही रुग्णांची साखर गोळ्यांशिवाय ताब्यात राहते, हे खरं आहे. पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, तपासण्या करत, हळूहळू होतं. व्हिडिओ खऱ्याचं एवढंच टोक पकडतो आणि पुढे आपला डबा जोडतो.

मधुमेह बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे. अशी जाहिरात दिसली तर तिचा स्क्रीनशॉट, तारीख आणि नंबर ठेवून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. मामांच्या डब्यावर बनवणाऱ्याचा पत्तासुद्धा नव्हता. पैसे ज्या खात्यात गेले त्याची पावती मात्र फोनमध्ये होती. ती छापून, डब्याच्या फोटोसोबत जोडून आम्ही अर्ज दिला आहे.