दारावरची घाई

डोंबिवलीत ग्राहक मार्गदर्शनाच्या टेबलावर मी दर शनिवारी बसते. दारावर आलेल्या माणसाकडून काहीबाही घेऊन पस्तावलेले बरेच जण येतात. वॉटर प्युरिफायर, गादी, मुलांचा कोर्स, विमा, वस्तू बदलत राहतात. 'आजच घ्या, उद्या हा भाव नाही' हे वाक्य मात्र प्रत्येकाला ऐकवलेलं असतं. कायद्याचा सगळा खटाटोप ही घाई मोडण्यासाठी आहे, असं आता माझं मत झालंय.

१. आधी ओळखपत्र, मग सोफा. थेट विक्रीचे नियम २८ डिसेंबर २०२१ला आले. ओळखपत्र नसेल आणि आधी वेळ ठरवलेली किंवा परवानगी घेतलेली नसेल, तर थेट विक्रेत्याला ग्राहकाच्या घरी जाता येत नाही. स्वतःचं नाव, कंपनी आणि येण्याचं कारण त्याने सुरुवातीलाच खरंखरं सांगायचं असतं. 'पाण्याची फुकट तपासणी करतोय' किंवा 'सोसायटीनेच पाठवलंय' म्हणत आत शिरणं यात बसत नाही. उन्हातून जिने चढून आलेल्या पोराला पाणी जरूर द्यावं, बिचारा कमिशनवर राबत असतो. पण पाण्यापाठोपाठ सही द्यायची गरज नाही.

२. 'तीन दिवसांत परत करता येतं ना?' हा प्रश्न हमखास येतो, बहुधा अमेरिकेतल्या मुलीकडून ऐकलेला. तिथे फेडरल ट्रेड कमिशनच्या १९७२च्या नियमामुळे घरी झालेली २५ डॉलर किंवा त्याहून मोठी बहुतेक खरेदी तीन कामकाजी दिवसांत, कारण न देता रद्द करता येते. आपल्याकडे असा सरसकट हक्क नाही, हे सांगितलं की समोरचा चेहरा पडतो. दुकानाऐवजी विक्रेत्यांच्या जाळ्यातून माल विकणाऱ्या कंपन्यांना थेट विक्रीचे नियम लागू होतात. तिथे ऑर्डर रद्द करून, विकण्याजोग्या स्थितीतला माल परत देऊन पैसे मागण्याच्या हक्काची माहिती विक्रेत्याने ग्राहकाला द्यायची असते. तेव्हा माल परत घेण्याच्या अटी आणि मुदत कागदावर शोधा. विकायला आलेला माणूस कंपनीचा साधा पगारी नोकर असेल, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या सर्वसाधारण तरतुदींवरच भिस्त.

३. बिल नाही तर पैसे नाहीत. एक काकू आल्या होत्या. 'अहो, मुलगा इतका गोड बोलत होता, बिल कसं मागायचं?' पैसे त्यांनी त्या मुलाच्याच मोबाइल नंबरवर पाठवले होते आणि कंपनी म्हणत होती, आमच्याकडे नोंदच नाही. यूपीआय करायचं तर कंपनीच्या खात्यावर, आणि समोर कोणाचं नाव उमटतं ते वाचून. बिल न देणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. त्याची मुदत बिलावर लिहिलेली, नसेल तर ३० दिवस. लोक यातला 'सदोष' हा शब्द सोडतात आणि ३० दिवस तेवढे लक्षात ठेवतात. रंग आवडला नाही म्हणून या तरतुदीखाली काही मिळत नाही.

४. ओटीपी म्हणजे सहीच. मुलांच्या कोर्सच्या तक्रारींत मला सर्वांत जास्त राग येतो. मुलासमोर आईबापांना 'याच्या भविष्यासाठी एवढंही नाही?' असं विचारायचं, 'फक्त नोंदणी आहे' म्हणून ओटीपी घ्यायचा, आणि महिनाअखेरीस कुठल्याशा वित्तसंस्थेचा हप्ता खात्यातून वळता होतो. डिसेंबर २०२१मध्येच केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने अशा ऑनलाइन शिक्षण कंपन्यांबाबत पालकांना सावध केलं होतं. कर्ज डिजिटल असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी सुरुवातीची थोडी मुदत दिली आहे. तेवढ्यात मुद्दल आणि त्या दिवसांचा खर्च भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. म्हणून आधी कर्ज देणाऱ्याला लेखी कळवा, कोर्सवाल्याशी नंतर भांडा.

५. विमा त्यातल्या त्यात सुटसुटीत. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत नापसंत म्हणून परत करता येते, थोडी कपात होऊन हप्ता परत मिळतो. एजंट घरचाच असेल तर लोक संकोचाने हे दिवस घालवतात.

६. तक्रार आधी कंपनीकडे, लेखी. थेट विक्रीच्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ कामकाजी तासांत पोच द्यायची असते आणि सहसा महिन्याभरात निवारण करायचं असतं. नाहीच झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. आपण राहतो तिथल्याच आयोगाकडे जाता येतं, मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत दोन वर्षांची आहे, पण एवढी थांबू नका. दारावर आलेला माणूस तोवर नोकरी सोडून दुसऱ्या कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घालून हिंडत असतो आणि जुनी कंपनी त्याला ओळखतही नाही. त्याच्या ओळखपत्राचा फोटो त्याच दिवशी काढलेला असेल, तर माझं टेबलावरचं काम निम्मं होतं.