घटक ४ : प्रसूती लाभ कायद्यातील बदल आणि नियोक्त्याचे दायित्व

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला :
• प्रसूती लाभ कायद्याची वाटचाल थोडक्यात सांगता येईल.
• २०१७च्या दुरुस्तीने नियोक्त्यावर कोणती नवी कर्तव्ये आली, हे स्पष्ट करता येईल.
• प्रसूती लाभाची रक्कम काढता येईल.
• या लाभाचा खर्च कोणी सोसावा, या प्रश्नाची चर्चा करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी काही जण नोकरी करीत असतील, तर काही जण स्वतःचे दुकान किंवा लहान कारखाना चालवीत असतील. कामगार कायद्यातील बदलाकडे नोकरदार हक्क म्हणून पाहतो, तर नियोक्ता खर्च म्हणून. वास्तविक कोणताही कामगार कायदा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी ठरवीत असतो. तो हक्क देतो आणि त्या हक्काची किंमत कोणी चुकवायची हेही सांगतो. यातील दुसऱ्या भागाकडे दुर्लक्ष झाले, तर पहिला भाग कागदावरच राहण्याचा धोका असतो. प्रसूती लाभाच्या कायद्यात हे विशेष स्पष्टपणे दिसते.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ कायद्याची वाटचाल

या विषयाचा आरंभ महाराष्ट्राशी जोडलेला आहे. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कारखान्यांतील स्त्री कामगारांसाठी प्रसूती लाभाचे विधेयक चर्चेला आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या काळात मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलला पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. मात्र स्त्रियांना कामावर ठेवण्यात नियोक्त्याचाही फायदा असतो; म्हणून त्याला या जबाबदारीतून पूर्णपणे मुक्त करता येणार नाही, असेही त्यांनी मांडले. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला.

स्वातंत्र्यानंतर केंद्राने प्रसूती लाभ अधिनियम, १९६१ केला. कारखान्यांबरोबरच दहा किंवा अधिक व्यक्ती कामावर असलेल्या दुकानांना व आस्थापनांनाही तो कालांतराने लागू झाला. २००० मध्ये दिल्ली महानगरपालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रोजंदारीवरील स्त्रियांनाही हा लाभ मिळाला पाहिजे, असा निर्णय दिला. पुढे या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० च्या सहाव्या प्रकरणात समाविष्ट करण्यात आल्या. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे.

४.२.२ २०१७ची दुरुस्ती

१ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने पुढील महत्त्वाचे बदल केले :

(१) रजेचा काळ : सवेतन रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. त्यांपैकी जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. दोन किंवा अधिक मुले हयात असलेल्या स्त्रीसाठी मात्र ही मर्यादा १२ आठवडेच राहिली.

(२) दत्तक माता : तीन महिन्यांहून लहान मूल कायदेशीररीत्या दत्तक घेणाऱ्या स्त्रीला प्रथमच १२ आठवड्यांचा लाभ मिळाला.

(३) पाळणाघर : पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. ही तरतूद १ जुलै २०१७ पासून लागू झाली. येथे ‘पन्नास स्त्रिया’ असा अर्थ घेऊ नये. स्त्री-पुरुष मिळून पन्नास कर्मचारी अभिप्रेत आहेत. मातेला दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाण्याची मुभा आहे. अनेक आस्थापनांनी मिळून सामायिक पाळणाघर चालविण्याची सवलत संहितेत देण्यात आली आहे. लहान उद्योगांना ती उपयोगी पडणारी आहे.

(४) लेखी माहिती : नेमणुकीच्या वेळीच प्रत्येक स्त्रीला या लाभांची माहिती लेखी देणे नियोक्त्यावर बंधनकारक झाले.

याशिवाय काही जुन्या तरतुदी कायम आहेत. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या बारा महिन्यांत त्या आस्थापनेत किमान ८० दिवस काम केलेली स्त्री या लाभास पात्र ठरते. प्रसूतीनंतरचे सहा आठवडे तिला कामावर ठेवता येत नाही. रजेच्या काळात तिला कामावरून काढणे बेकायदेशीर आहे.

४.२.३ लाभाची रक्कम कशी काढावी?

रजेवर जाण्यापूर्वीच्या तीन महिन्यांतील सरासरी दैनिक वेतन हा या गणिताचा आधार आहे. आठवडा सात दिवसांचा धरावा, सुट्टीचा दिवस वगळू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्पष्ट केले आहे.

उदाहरण : समजा, बारा कामगार असलेल्या एका शिवणकाम कारखान्यात एका कर्मचारी स्त्रीचे सरासरी दैनिक वेतन ९०० रुपये आहे. तिचे हे पहिलेच बाळंतपण आहे.
जुन्या नियमाने : ८४ दिवस × ९०० = ७५,६०० रुपये
नव्या नियमाने : १८२ दिवस × ९०० = १,६३,८०० रुपये
वाढलेला भार : ८८,२०० रुपये

तिच्या जागी तात्पुरता कामगार घेतल्यास त्याचे वेतन वेगळे द्यावे लागेल. मोठ्या कंपनीला ही रक्कम जाणवणारही नाही. बारा कामगारांच्या कारखान्याला मात्र ती निश्चितच जाणवेल.

४.२.४ खर्च कोणी सोसावा?

येथे १९२८ मधील प्रश्न पुन्हा आपल्यासमोर उभा राहतो. सर्व खर्च एकट्या नियोक्त्यावर टाकला, तर तो मुलाखतीच्या वेळीच तरुण विवाहित स्त्रीला टाळू लागेल, अशी भीती असते. असा नकार कोठेही लिहिला जात नाही. त्यामुळे तो सिद्ध करणेही अवघड जाते. जो कायदा नोकरीतील स्त्रीचे रक्षण करतो, तोच नोकरीच्या शोधात असलेल्या स्त्रीच्या वाटेत नकळत अडसर ठरू शकतो.

यावरचा उपाय आपल्याच देशात अंशतः अस्तित्वात आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत मासिक २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कर्मचाऱ्यांचा समावेश होतो. जुलै २०१९ पासून नियोक्ता वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कर्मचारी ०.७५ टक्के वर्गणी भरतो. विमाधारक स्त्रीला प्रसूती लाभ या निधीतून मिळतो. ही वर्गणी स्त्री-पुरुष सर्वांच्या वेतनावर सारख्याच दराने आकारली जाते, हे लक्षात घ्यावे. त्यामुळे स्त्रीला कामावर घेतल्याने नियोक्त्याचा प्रसूती लाभाचा खर्च वाढत नाही. आपल्या उदाहरणातील स्त्री महिन्याला २६ दिवसांचे २३,४०० रुपये मिळवीत असेल, तर ती या मर्यादेबाहेर जाते आणि सारा भार कारखान्यावर पडतो.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० मधील १८३ क्रमांकाच्या करारानेही, एकट्या नियोक्त्यावर थेट खर्च न लादता सामाजिक विमा किंवा सार्वजनिक निधी वापरावा, हेच तत्त्व सांगितले आहे. भारताने त्या कराराला मान्यता दिलेली नाही.

तथापि, खर्च अन्यायकारक वाटतो म्हणून नियोक्त्याला कर्तव्य टाळता येत नाही. त्याने अपेक्षित रजेची तरतूद वार्षिक अंदाजपत्रकात करावी, नेमणूकपत्रात लाभांचा उल्लेख करावा आणि हजेरीपट व वेतनाच्या नोंदी अचूक ठेवाव्यात. ८० दिवसांच्या मोजणीवरून आणि सरासरी वेतनावरून वाद उद्भवू शकतात. नोंदी चोख असतील, तर ते टळतात. अनुभवी कर्मचारी रजेनंतर परत आली, तर नव्या माणसाला शिकविण्याचा खर्चही वाचतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न

(अ) रिकाम्या जागा भरा.
१. प्रसूती लाभासाठी मागील बारा महिन्यांत किमान ........ दिवस काम केलेले असावे लागते.
२. ........ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर बंधनकारक आहे.
(आ) दोन मुले हयात असलेल्या स्त्रीचे सरासरी दैनिक वेतन ६०० रुपये आहे आणि तिच्या आस्थापनेला राज्य विमा योजना लागू नाही. तिला किती प्रसूती लाभ मिळेल?

४.३ सारांश

१९२९ पासून प्रसूती लाभाची व्याप्ती वाढत गेली. २०१७च्या दुरुस्तीने रजा दुपटीहून अधिक वाढविली आणि पाळणाघराचे कर्तव्य घातले. विमा योजनेबाहेरील स्त्रियांच्या लाभाचा भार मात्र नियोक्त्यावरच राहिला. हक्क टिकवायचा असेल, तर त्याचा खर्च अनेकांत विभागला जाणे आवश्यक आहे. तोपर्यंत कायद्याचे काटेकोर पालन करणे हे नियोक्त्याचे दायित्व आहे.

४.४ पारिभाषिक शब्द

नियोक्ता : वेतन देऊन इतरांना कामावर ठेवणारी व्यक्ती किंवा संस्था.
आस्थापना : जेथे व्यवसाय, व्यापार किंवा सेवा चालते ते ठिकाण.
दायित्व : कायद्याने अंगावर येणारी जबाबदारी.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

(अ) १. ८०  २. पन्नास
(आ) ८४ × ६०० = ५०,४०० रुपये

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. २०१७च्या दुरुस्तीतील प्रमुख बदल सोदाहरण स्पष्ट करा.
२. ‘प्रसूती लाभाचा खर्च एकट्या नियोक्त्यावर असू नये.’ या विधानाची साधकबाधक चर्चा करा.
३. आपल्या परिसरातील एखाद्या आस्थापनेत पाळणाघराची सोय आहे का, याची माहिती घेऊन टिपण लिहा.