स्कॅन निर्दोष, तरी नजर मंद

प्रश्न : ब्रॅम्पटनमधील पाच वर्षांच्या मुलीचा डावा डोळा तिरळा असून त्याची नजर मंद आहे. ओसीटी स्कॅन मात्र निर्दोष आला. मग दोष कोठे?

उत्तर : ओसीटी ही डोळ्याला स्पर्श न करता प्रकाशाच्या साहाय्याने दृष्टिपटलाचे थर दाखवणारी तपासणी आहे. मंददृष्टीत मात्र, तिरळ्या डोळ्याकडून येणारी प्रतिमा मेंदू लहानपणीच दाबून टाकत असल्याने, मुख्य बिघाड दृष्टिपटलात नव्हे, तर मेंदूच्या दृष्टिकेंद्रात असतो. म्हणून स्कॅनचे खरे काम दुसरी कारणे वगळण्याचे : दृष्टिचेता, म्हणजे डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी नस, जन्मतः लहान असणे किंवा पीतबिंदूवर, म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यभागी, व्रण असणे. यंत्रातील खुणेवर तिरळा डोळा स्थिर राहिला नाही, तर चित्राचा मध्य सरकतो आणि जाडीचे आकडे फसवे ठरतात. स्कॅनच्या वेळी डोळा स्थिर होता का, ते तंत्रज्ञाला विचारावेच.

उपचारात आधी योग्य चष्मा, मग चांगल्या डोळ्यावर पट्टी. मध्यम मंददृष्टीत रोज दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच गुणकारी ठरल्याचे अमेरिकेतील २००३ च्या चाचणीत दिसले. ब्रॅम्पटन ज्या ऑन्टारिओ प्रांतात आहे, तेथे एकोणीस वर्षांपर्यंतच्या मुलांची वार्षिक नेत्रतपासणी ओहिप या सरकारी विम्यात बसते. पट्टी सुरू असताना फेरतपासणी मात्र वर्षभर लांबवू नये.