उजेड खाणाऱ्या भिंती

(घरातील खोली अंधारी असली, की आपण दिवा लावतो आणि गप्प बसतो. भाड्याच्या घरात तर 'घर आपले नाही, काय करणार?' असे म्हणून सोडून देतो. पण थोडा विचार केला, तर कमी खर्चात आणि घरमालकाची भिंत न फोडताही खोली उजळता येते. ती कशी, हे या पाठात एक विद्यार्थी सांगत आहे.)

मालेगावात आमचे जुने घर होते. ते मोडकळीला आले, म्हणून अब्बांनी जवळच्याच मोहल्ल्यात दोन खोल्यांचे घर भाड्याने घेतले. आतल्या लहान खोलीत स्वयंपाक होई. बाहेरची खोली १० फूट रुंद आणि १२ फूट लांब होती. हीच आमची बैठक. पाहुणे इथेच बसत. आपा आणि मी इथेच अभ्यास करत असू. अम्मीचे शिवणयंत्रही इथेच होते.

ही खोली फार अंधारी होती. तिला एकच खिडकी होती, तीही उत्तरेला. खिडकीसमोर ५ फुटांचा बोळ आणि बोळापलीकडे शेजारच्या घराची भिंत. पावसाच्या पाण्याने ती भिंत काळी पडली होती. आमच्या खोलीच्या भिंतींना पूर्वीच्या भाडेकरूने गर्द हिरवा रंग दिलेला होता. भर दुपारी १२ वाजताही दिवा लावावा लागे.

सर्वांत जास्त त्रास दादीला झाला. जुन्या घरी ती रोज सकाळी अंगणात खाटेवर बसून उर्दू वर्तमानपत्र वाचत असे आणि बातम्या आम्हांला मोठ्याने ऐकवत असे. नव्या घरात तिने आठ दिवस प्रयत्न केला. मग चष्म्याची डबी कोनाड्यात ठेवून दिली. "आता माझे डोळे गेले, बेटा," असे ती म्हणू लागली. एके दिवशी तर उंबरठ्याला ठेच लागून ती पडली. उंबरठा दगडी होता आणि फरशीही तशाच करड्या रंगाची होती. त्या अंधारात तिला उंबरठा वेगळा दिसलाच नाही. हाताला मुका मार बसला. त्या दिवसापासून ती आतल्या खोलीतून बाहेर येईनाशी झाली.

अब्बांनी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर म्हणाले, "चष्म्याचा नंबर बरोबर आहे. पण या वयात वाचायला तरुणांपेक्षा पुष्कळ जास्त उजेड लागतो. त्यांना उजेडात बसवा."

रमजान ईदला तेव्हा एक महिना होता. अब्बा म्हणाले, "या ईदला बैठकीला रंग देऊ." मी लगेच म्हणालो, "गडद निळा!" एका दुकानातल्या चित्रात मी निळ्या भिंतींचा दिवाणखाना पाहिला होता. तो मला फार आवडला होता.

घरमालकांना विचारले. ते म्हणाले, "रंग द्या, पण खर्च तुमचा. भिंतीत नवी भोके पाडू नका आणि खिडकी मोठी करू नका." अब्बांनी ते मान्य केले.

दुसऱ्या दिवशी एक वयस्कर रंगारी काका आले. त्यांनी दिवा बंद करायला सांगितला आणि पाच मिनिटे ते नुसते बसून राहिले. मग म्हणाले, "या खोलीत उजेड कमी येतो, हे खरे. पण जेवढा येतो, तेवढाही या भिंती खाऊन टाकतात."

"भिंती उजेड कसा खातील?" मी हसून विचारले.

काकांनी खिडकी-दरवाजा लावून घेतला. माझ्या हातात एक पुस्तक दिले. पुस्तकासमोर एक पांढरा कागद धरून त्यांनी त्या कागदावर विजेरीचा झोत टाकला. कागदावरून परतलेल्या उजेडात मला पुस्तकातली अक्षरे दिसली. मग त्यांनी पांढऱ्या कागदाच्या जागी गडद निळा कागद धरला. विजेरी तीच, अंतर तेच. पण अक्षरे दिसेनाशी झाली.

"आता समजले?" काका म्हणाले. "पांढऱ्या रंगावर १०० भाग उजेड पडला, तर साधारण ८० भाग परत येतो. गडद निळ्यावरून जेमतेम १० भाग परत येतो. बाकीचा रंगच गिळतो."

आपाने लगेच पाटीवर हिशेब मांडला. उजेड एका भिंतीवरून दुसरीवर जातो, दुसरीवरून तिसरीवर. पांढऱ्या भिंतींवरून पहिल्यांदा ८०, दुसऱ्यांदा ६४ आणि तिसऱ्यांदा ५१ भाग परत येतो. गडद निळ्या भिंतींवरून पहिल्यांदा १०, दुसऱ्यांदा १ आणि तिसऱ्यांदा जवळजवळ काहीच नाही. मी माझ्या निळ्या रंगाबद्दल काही बोललो नाही.

आपा म्हणाली, "आमची सहल अजिंठ्याला गेली होती. तिथली लेणी आतून केवढी अंधारी आहेत! भिंतींवर आधी मातीचा लेप, त्यावर चुन्याचा पातळ थर आणि मग चित्रे, असे सरांनी सांगितले होते."

"मग बघा," काका म्हणाले, "पांढऱ्या चुन्याची किंमत त्या कारागिरांनाही ठाऊक होती. आता आधी बिनपैशाची कामे करू."

लोखंडी कपाटाने खिडकीचा एक भाग झाकला होता. ते आम्ही दरवाजामागच्या कोपऱ्यात सरकवले. खिडकीवर तपकिरी मखमलीचा पडदा होता. तो काढून अम्मीने जुन्या पांढऱ्या मलमलीचा पडदा शिवला आणि तो पूर्ण बाजूला सरकेल असा लावला. मी खिडकीची जाळी धुतली. तिच्यातून एवढी धूळ निघाली, की बादलीतले पाणी काळे झाले. संध्याकाळपर्यंत रंगाचा एकही डबा न उघडता खोलीत फरक दिसू लागला.

मग खरे काम सुरू झाले. एका भिंतीला खालून ओल होती. अब्बा म्हणाले, "त्यावर तेलरंग देऊन टाका, म्हणजे ओल दिसणार नाही." काकांनी मान हलवली. "तेलरंगाने ओल आत कोंडते. मग फुगे येतात आणि रंगाचे पापुद्रे निघतात. आधी पाणी कुठून येते ते पाहू." बाहेर मोरीचा पाइप गळत होता. तो घरमालकांनी बदलून दिला. भिंत वाळायला आम्ही दहा दिवस थांबलो. तोपर्यंत जुना हिरवा रंग खरवडला, खड्डे लांबीने भरले आणि घासकागदाने भिंती साफ केल्या.

भिंतींसाठी काकांनी पुठ्ठ्याच्या तीन तुकड्यांना तीन रंग लावून आणले. एक पांढराशुभ्र, एक मलईचा आणि एक फिकट गुलाबी. ते तुकडे भिंतीला टेकवून आम्ही सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याच्या उजेडात पाहिले. उत्तरेच्या खिडकीतून येणारा उजेड थोडा निळसर असतो. त्यामुळे शुभ्र पांढरा तुकडा दिवसा राखेसारखा थंड दिसला. मलईचा रंग मात्र तिन्ही वेळा उबदार वाटला. तो पांढऱ्याइतका नसला, तरी बराच उजेड परत देतो. म्हणून भिंतींना मलई रंगाचा डिस्टेंपर आणि छताला पांढरा चुना असे ठरले.

काकांनी कळीचा चुना पिंपात पाण्यात टाकला. पाणी उकळल्यासारखे खदखदू लागले. "दूर उभे राहा," ते ओरडले. "डोळ्यांत उडाला तर डोळा जाईल." रात्रभर मुरलेला चुना त्यांनी फडक्यातून गाळला, त्यात डिंकाचे पाणी आणि चिमूटभर नीळ घातली. निळीमुळे चुन्याचा पिवळेपणा झाकला जातो.

छत झाले, तरी पिंपात चुना उरला. काका खिडकीतून समोरच्या काळ्या भिंतीकडे पाहत म्हणाले, "तुमच्या खिडकीला आकाश थोडे आणि ही भिंतच जास्त दिसते. ही पांढरी झाली, तर तिच्यावर पडलेला उजेड तुमच्या घरात येईल."

अब्बा संकोचले. "दुसऱ्याच्या भिंतीला हात कसा लावायचा?"

"विचारायला काय हरकत आहे?" असे म्हणून अम्मी शेजारच्या काकूंकडे गेली. काकूंनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "अहो भाभी, माझ्या स्वयंपाकघराची खिडकी याच बोळात उघडते. तिला तुमची भिंत दिसते. तीही काळीच आहे की! दोन्ही भिंती रंगवा. चुन्याचे निम्मे पैसे मी देते." आमच्या घरमालकांनीही होकार दिला.

दुपारी दोन्ही भिंतींना चुना मारला. पण मला तो पाण्यासारखा फिका दिसला. काकू खिडकीतून म्हणाल्या, "अहो, यात चुना आहे की नुसते पाणी?" काका हसले. "उद्या सकाळी बघा, ताई. चुना वाळता वाळता पांढरा होतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू घेऊन तो घट्ट बसतो." सकाळी उठून पाहतो तो काय, सगळा बोळ लख्ख पांढरा!

शेवटी काकांनी मला जवळ बोलावले. त्यांच्या हातात गडद निळ्या तेलरंगाची छोटी डबी होती. "तुझा रंग वाईट नाही, पोरा. फक्त त्याची जागा चुकली होती. घरमालकांना विचारले आहे. हा उंबरठा तू रंगव." मी निळा उंबरठा रंगवला. करड्या फरशीवर तो आता दुरूनही उठून दिसू लागला.

ईदच्या आदल्या दिवशी आपाने दादीला हाताला धरून आणले. दादी उंबरठ्याजवळ थांबली, निळ्या पट्टीकडे पाहिले आणि आपाचा हात सोडून पाय उचलून पलीकडे ठेवला. खिडकीजवळ तिची खाट टाकली होती. खिडकी तेवढीच होती आणि संध्याकाळी दिवाही लावावा लागणारच होता. पण आता सकाळी खाटेवर स्वच्छ उजेड पडत होता.

दादीने कोनाड्यातली डबी मागितली. चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि वर्तमानपत्र उघडले. पहिले पान वाचून झाले, तशी ती रागाने म्हणाली, "इतके दिवस जगात एवढे घडत होते आणि मला कोणी काही सांगितले नाही!"

शब्दार्थ

मोडकळीला येणे - पडायच्या स्थितीत येणे
बोळ - दोन घरांमधील अरुंद वाट
कोनाडा - भिंतीतील वस्तू ठेवण्याची जागा, ताक
उंबरठा - दाराच्या चौकटीचा खालचा भाग, चौखट
मुका मार - रक्त न येता लागलेला मार
विजेरी - बॅटरीवर चालणारा हातदिवा, टॉर्च
लांबी - भिंतीतील खड्डे भरण्याचा लगदा
घासकागद - भिंत किंवा लाकूड घासून गुळगुळीत करण्याचा खरखरीत कागद
पापुद्रा - पातळ थर
संकोचणे - मनाला अवघड वाटणे

टीप

अजिंठा - छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील प्राचीन बौद्ध लेणी. भित्तिचित्रांसाठी जगप्रसिद्ध. १९८३ साली युनेस्कोने त्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) बैठकीची खिडकी कोणत्या दिशेला होती?
(२) दादीने चष्म्याची डबी कुठे ठेवून दिली?
(३) घरमालकांनी कोणत्या अटी घातल्या?
(४) चुन्यात नीळ का घालतात?

प्र. २. कारणे लिहा.
(१) दादीला उंबरठा दिसला नाही.
(२) ओल असलेल्या भिंतीला काकांनी तेलरंग दिला नाही.
(३) काकूंनी चुन्याचे निम्मे पैसे दिले.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) रंगारी काकांनी विजेरीचा प्रयोग कसा केला? त्यावरून काय समजले?
(२) 'तुझा रंग वाईट नाही, फक्त त्याची जागा चुकली होती,' असे काका का म्हणाले?

प्र. ४. एक रंग १०० पैकी ५० भाग उजेड परत देतो. तीन भिंतींवरून गेल्यावर किती भाग उजेड उरेल? आपाप्रमाणे हिशेब मांडा.

भाषाभ्यास

(अ) पुढील मराठी शब्दांसाठी उर्दूत कोणते शब्द आहेत ते लिहा. उच्चारात काय फरक आहे ते वर्गात सांगा.
पडदा, हिशेब, कागद, खुर्ची, दरवाजा, खर्च

(आ) मराठीत तीन लिंगे आहेत : तो रंग, ती भिंत, ते घर. पुढील शब्दांपूर्वी तो, ती किंवा ते लिहा.
खिडकी, छत, चुना, कपाट, उंबरठा, खाट

उपक्रम

आपल्या घरातील सर्वांत अंधारी जागा शोधा. तिथे उजेड कोणकोणत्या वस्तू अडवतात किंवा गिळतात, याची यादी करा. त्यांपैकी पैसे खर्च न करता काय बदलता येईल, ते घरातील मोठ्या माणसांना विचारून करून पाहा.