लहान दुर्बीण आणि दूरची दीर्घिका

सचिनच्या औद्योगिक वसाहतीत राहणाऱ्यांस रात्री फारसे तारे दिसत नाहीत. दिवे आणि धूर यांस दोष देऊन आपण मोकळे होतो. परंतु सारे दिवे मालवले तरी ताऱ्यांच्या प्रकाशाचा एक भाग आपणांस दिसावयाचा नाही. जांभळ्या रंगापलीकडचे जे जंबुपार किरण (ज्यांस हल्ली अतिनील म्हणतात), त्यांतील बहुतेक वातावरणच गिळून टाकते. हे एका परीने बरेच. ते सारे खाली उतरते तर आपली धडगत नव्हती! पण अतितप्त तरुण तारे मुख्यतः याच किरणांत प्रकाशतात. म्हणून दुर्बीणच वातावरणाबाहेर न्यावी लागते.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी आपल्या देशाने 'अ‍ॅस्ट्रोसॅट' ही वेधशाळा सुमारे ६५० किलोमीटर उंचीवर सोडली. तिच्यावरील जंबुपार दुर्बिणीचा आरसा जेमतेम ३७.५ सेंटीमीटरांचा; अमेरिकेच्या 'हबल'चा २४० सेंटीमीटरांचा. तरीही पुण्याच्या 'आयुका' संस्थेतील डॉ. कनक साहा व त्यांचे सहकारी यांनी या लहान दुर्बिणीने ९३० कोटी प्रकाशवर्षे दूरच्या एका दीर्घिकेचे तीव्र जंबुपार किरण टिपले. ऑक्टोबर २०१६ मध्ये २८ तासांहून अधिक वेध घेतले गेले. ताळा पाहण्यात वर्षे गेली. २०२० साली शोध जाहीर झाला.

हबलने हाच आकाशाचा तुकडा न्याहाळला होता. पण हे किरण तिला गवसले नव्हते. यंत्रमागांच्या खडखडाटात कुजबूज ऐकू येत नाही, हे सुरतकरांस सांगावयास नको. दुर्बिणीच्या उपकरणातही असा एक खडखडाट असतो. आपल्या दुर्बिणीत तो फारच कमी होता.

या किरणांचे एवढे अप्रूप का? विश्वाच्या बाल्यावस्थेत सर्वत्र हायड्रोजनचे धुके पसरले होते. पहिल्या ताऱ्यांच्या जंबुपार किरणांनी त्यातील अणू फोडून ते निवळविले, असे मानतात. अडचण ही की, दीर्घिकेतील हायड्रोजनच ते किरण अडवितो. मग ते बाहेर पडले कसे? ही दीर्घिका त्या आरंभकाळची नव्हे, बरीच नंतरची आहे. परंतु तिच्यातून निदान २० टक्के किरण निसटतात असे आढळले. ते नेमके कोणत्या वाटेने निसटतात, याचा शोध अद्याप चालू आहे.